पेटंटला मुदत असते, जंगलाच्या कुंपणाला नव्हती

पोस्ट लांब आहे. सावकाश वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या गावात बांबू आहे त्यांनी तर नक्कीच.

गेल्या महिन्यात आलापल्लीच्या चौकात एक पोरगा भेटला. आमच्याच पट्ट्यातल्या एका ग्रामसभेचं कामकाज बघतो. हातात मशीनचं रंगीत माहितीपत्रक होतं. बांबूपासून अगरबत्तीच्या काड्या काढायची मशीन. बांबू गावचा, कामाला पोरं गावची, शेडही उभी झाली आहे. फक्त मशीन घ्यायची बाकी. त्यानं पत्रकाच्या कोपऱ्यातला लाल शिक्का मला दाखवला. 'पेटंटेड टेक्नॉलॉजी'.

"भाऊ, हीच मशीन दुसऱ्याकडं बरीच स्वस्त भेटते. पण हा माणूस म्हंते, पेटंट आमचं आहे, दुसरीकडून घेतली त ग्रामसभेवर केस होईल. खरंच होते का जी?"

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं बातम्या लिहितो. तेंदूचे लिलाव, सागवानाची तस्करी, हत्ती, वाघ, निवडणुका, सगळं लिहिलं. पण पेटंट म्हणजे नेमकं काय, हे विचारलं तर सांगायला दोन वाक्यंही नव्हती. "आठ दिवस थांब, पैसे देऊ नको," एवढं सांगितलं आणि वाचायला बसलो. वाचता वाचता त्या लाल शिक्क्यापासून फार लांब गेलो, आणि फिरून आपल्याच जंगलात आलो. तो प्रवास इथं मांडतो.

आधी शब्द. पेटंट हा शब्द लॅटिनमधून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ आहे 'उघडं'. राजा जे पत्र मोहोर लावून बंद न करता सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडं द्यायचा, ते 'लेटर्स पेटंट'. आपल्याकडची सनद म्हणा ना. व्यवहार साधा आहे. तू नवीन काहीतरी शोधलंस, ते कसं चालतं हे सगळं कागदावर लिहून, चित्र काढून सरकारकडे दे. त्या बदल्यात ठरावीक वर्षं ते दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. मुदत संपली की ते सगळ्यांचं. म्हणजे पेटंट हे कुंपण आहे खरं, पण त्या कुंपणाला दोन अटी आहेत. आत काय आहे याचा नकाशा बाहेर लावावा लागतो, आणि कुंपण कधी निघणार ती तारीख आधीच ठरलेली असते.

या दोन अटी ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहेत.

भारतात हा कायदा इंग्रजांनी १८५६ साली आणला. तेव्हाची मुदत चौदा वर्षं. पहिला अर्ज कशासाठी आला माहीत आहे? कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी-पेनिंग नावाच्या इंजिनिअरनं ३ मार्च १८५६ रोजी अर्ज केला, पंखा ओढायच्या सुधारित यंत्रासाठी. साहेबाच्या डोक्यावरचा छताचा पंखा दोरीनं ओढायला एक माणूस बाहेर व्हरांड्यात बसलेला असायचा. त्याच्या हाताचं काम यंत्रानं करायचं, ही या देशातल्या पेटंटची सुरुवात. त्या कागदात इंजिनिअरचं नाव राहिलं. पंखेवाल्याचं नाव कुठं असणार?

आता आपल्या भागाकडे येऊ. आलापल्ली म्हटलं की लोकांना सागवान आठवतं. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली आपल्याच भागातलं सागवान गेलं, तेव्हा सगळ्या चॅनलवर आपलं नाव होतं. पण आपल्या जंगलातून ज्या मालानं शांतपणे, वर्षानुवर्षं, ट्रक भरभरून बाहेरचा रस्ता धरला तो बांबू. मानवेल. तो गेला कागदाला. आणि कागदाचा इतिहास म्हणजे पेटंटांचाच इतिहास आहे.

पूर्वी कागद हातानं व्हायचा. चाळणीसारख्या साच्यावर लगदा घ्यायचा, पाणी निथळू द्यायचं, एक ताव उचलायचा. फ्रान्समध्ये एसोन इथल्या कागदाच्या कारखान्यात लुई-निकोला रोबेर नावाचा एक कारकून होता, आधी सैन्यात राहून आलेला. त्यानं ताव-ताव न करता सलग लांबच लांब कागद काढणारं यंत्र बनवलं. फिरत्या जाळीच्या पट्ट्यावर लगदा ओतायचा, पाणी खाली गळतं, कागद पुढं सरकतो. १७९९ च्या जानेवारीत त्याला पेटंट मिळालं. पैसे नसल्यानं त्यानं ते मालकाला, दिदोला, विकून टाकलं आणि ठरलेले सगळे पैसेही त्याला मिळाले नाहीत. यंत्र इंग्लंडला गेलं. तिथं लंडनच्या फोर्ड्रिनिअर बंधूंनी त्यात पैसा ओतला, ब्रायन डाँकिन नावाच्या कारागिरानं ते खऱ्या अर्थानं चालतं केलं, १८०३ साली फ्रॉगमोरला ते सुरू झालं. १८१० मध्ये फोर्ड्रिनिअर बंधूंचं दिवाळं निघालं. आणि रोबेर? लहान मुलांची शाळा चालवत १८२८ साली गरिबीत मेला.

आजही जगभरात त्या यंत्राला फोर्ड्रिनिअर मशीन म्हणतात. शोध एकाचा, कारागिरी दुसऱ्याची, नाव तिसऱ्याचं, आणि पैसा यातल्या कुणालाच पुरला नाही. पण यंत्र राहिलं. पेटंटची वर्षं संपली आणि ते सगळ्यांचं झालं. दीडशे वर्षांनी ते आपल्या बल्लारपूरपर्यंत येऊ शकलं ते त्यामुळेच.

पण यंत्र मिळालं तरी लगदा कशाचा करायचा हा प्रश्न होता. युरोपात चिंध्या पुरेनात. इंग्लंडच्या टॉमस राऊटलेजनं १८५६ साली एस्पार्टो नावाच्या गवतापासून कागद करायची कृती पेटंट केली. तेही गवत कमी पडायला लागलं तेव्हा त्याची नजर गेली बांबूवर. १८७५ साली त्यानं बांबू हा कागदाचा कच्चा माल म्हणून कसा चालेल यावर एक पुस्तिकाच काढली. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी रेल्वे बघितली नव्हती, तेव्हा सातासमुद्रापार कुणीतरी बांबूचा हिशोब मांडत होतं.

बांबू मात्र सोपा नव्हता. ज्यानं बांबू फोडलाय त्याला ठाऊक आहे, पेर आणि गाठ यांचा स्वभावच वेगळा. पेर लवकर शिजतं, गाठ कच्ची राहते. आत पोकळी, त्यात हवा. शिवाय बांबूत पिठूळ अंश असतो, त्याला आपण कीड लागते म्हणतो तो त्याच्यामुळंच. सगळं एकदम जोरकस औषधात शिजवलं तर लगदा काळा पडतो आणि औषध वाया जातं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेट नावाच्या तज्ज्ञानं यावर कित्येक वर्षं घालवली. त्याची युक्ती आपल्या घरच्या बाईला लगेच कळेल अशी आहे. आधी बांबू चेचून घ्यायचा म्हणजे गाठ फुटते, हवा निघते. मग दोन टप्प्यांत शिजवायचा. पहिल्या पाण्याला आधीच्या घाण्याचं उरलेलं कमी ताकदीचं औषध वापरायचं, त्यात पिठूळ भाग निघून जातो. दुसऱ्या पाण्याला ताजं, जोरकस. १९३१ साली त्यानं हे सगळं पुस्तकात मांडलं.

त्याच्या आधीचा दुसरा एक मोठा शोध म्हणजे क्राफ्ट. कार्ल डाल नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानं डान्झिगला १८७९ च्या सुमारास लाकूड शिजवायच्या औषधात स्वस्तातलं सोडियम सल्फेट घालून पाहिलं. हेतू खर्च वाचवायचा. पण झालं असं, की लगदा आधीपेक्षा कितीतरी चिवट निघाला. १८८४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. जर्मनमध्ये क्राफ्ट म्हणजे ताकद. आज पार्सलचा खोका, सिमेंटची कागदी गोणी, किराण्याची तपकिरी पिशवी, सगळं याच पद्धतीच्या कागदाचं. क्राफ्ट पद्धतीच्या कोणत्याही गिरणीजवळून जाताना सडक्या कोबीसारखा जो वास येतो तो त्याच गंधकाचा.

आता या कागदाचं पुढं काय झालं? खोका झाला, पिशवी झाली. तिथंही पेटंटच. नालीदार, म्हणजे लाटा पाडलेला कागद, आधी १८५६ साली इंग्लंडमध्ये उंच टोप्यांच्या आतल्या पट्टीसाठी पेटंट झाला. १८७१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्सनं तोच कागद काचेच्या बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला वापरायचं पेटंट घेतलं. तीन वर्षांनी ऑलिव्हर लाँगनं त्या लाटांना सपाट कागदाचं अस्तर चिकटवलं. तुमच्या दारात कुरिअरवाला जो खोका टाकून जातो त्याचं घराणं हे एवढंच.

पिशवीची गोष्ट मला जास्त आवडली. मार्गारेट नाईट नावाची बाई अमेरिकेत कागदी पिशव्यांच्या कारखान्यात कामाला होती. तेव्हा यंत्रावर होणाऱ्या पिशव्या पाकिटासारख्या चपट्या, उभ्या राहायच्या नाहीत. सपाट बुडाची पिशवी हवी तर हातानं चिकटवायची. तिनं कागद कापून, घडी घालून, बुड चिकटवून देणारं यंत्र तयार केलं. आधी लाकडाचं, मग लोखंडाचं करायला बोस्टनच्या कारखान्यात दिलं. तिथं चार्ल्स ॲनन नावाच्या माणसानं ते पाहिलं आणि स्वतःच्या नावानं अर्ज ठोकला. बाईला यंत्रातलं काय कळतं, असा त्याचा युक्तिवाद होता असं सांगतात. नाईटबाईंनी आपल्या वह्या, आकृत्या, साक्षीदार सगळं पुढं ठेवलं आणि जिंकल्या. ११ जुलै १८७१ ला पेटंट त्यांच्या नावानं निघालं.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. कारण पेटंट म्हणजे मोठ्या कंपनीचं हत्यार, एवढंच डोक्यात घेऊन मी वाचायला बसलो होतो. इथं ते कारखान्यात राबणाऱ्या बाईची ढाल झालं. कागद जपून ठेवला म्हणून झालं.

आपला मराठी माणूसही यात आहे. शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७, मुंबईचे. सरकारी कचेरीत कारकून. १८९७ साली लंडनच्या एका नियतकालिकानं स्पर्धा लावली, किराण्यासारखा सुटा माल आपोआप तोलून भरणारं यंत्र सुचवा. भिसेंनी मुंबईत बसून आराखडा पाठवला आणि तिथल्या लोकांना मागं टाकून बक्षीस मिळवलं. आज दुकानात साखर, पीठ, तिखट ज्या मशीनवर भरलं जातं त्या घराण्यातलं ते काम. पुढं ते लंडनला गेले, दादाभाई नौरोजींनी मदत केली, छपाईचे खिळे ओतणारं वेगवान यंत्र त्यांनी काढलं, रतन टाटांनी भांडवल दिलं. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. लोक भिसेंना 'भारतीय एडिसन' म्हणायचे. पण डोकं कधी कमी पडलं नाही तरी भांडवल कायम कमी पडलं. लंडन, मुंबई, परत लंडन, मग अमेरिका. १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच गेले. पेटंटची चळत होती, पण पेटंट म्हणजे कारखाना नव्हे हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं नसेल.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, याचा आमच्या बांबूशी काय संबंध?

सांगतो. वर जेवढी नावं आली त्यातल्या प्रत्येकाचं कुंपण कधीच निघालं. रोबेरचं, डालचं, जोन्सचं, नाईटबाईंचं. चौदा-सतरा वर्षं झाली आणि सगळं उघडं झालं. १९२५ साली इंग्रज सरकारनं बांबूच्या कागदाला संरक्षण देणारा वेगळा कायदा केला, परदेशी कागदावर पौंडामागं एक आणा जकात बसवली. बंगालमध्ये नैहाटीला बांबूच्या लगद्याचा कारखाना चालू झालेला होता. १९४५ साली बल्लारपूरची कंपनी स्थापन झाली, तिच्या मूळ नावातच 'स्ट्रॉ बोर्ड' म्हणजे तणसाचा पुठ्ठा होता. पुढं बांबूचा कागद आला. या सगळ्यांना तंत्र फुकट मिळालं, कारण पेटंटला मुदत असते.

पण ज्या मालावर हे तंत्र चालायचं, त्याच्या भोवतीही एक कुंपण होतं. १८७८ चा वन कायदा आणि मग १९२७ चा भारतीय वन कायदा. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात झाड कशाला म्हणायचं हे लिहिलंय. ताड, बुंधे, झुडूप, वेत, आणि बांबूसुद्धा. वनस्पतिशास्त्र सांगतं बांबू हे गवत आहे. आपल्याकडचं शाळकरी पोरगं सांगेल. कायदा म्हणाला झाड. झाड म्हटलं की ते सरकारचं, तोडायला परवानगी, न्यायला वाहतूक परवाना. गावाला निस्तारात मिळेल तेवढा घ्यायचा, तोही घरच्या कामापुरता. जंगलाच्या काठावर राहणाऱ्या माणसानं वेळूची मोळी बाजारात नेली तर ती चोरी.

या कुंपणाला तारीख नव्हती. चौदा वर्षं नाही, सतरा नाही. आजोबा गेले, बाप गेला, कुंपण तसंच.

आणि नकाशाही नव्हता. आत काय चाललंय, किती बांबू कुणाला कुठल्या दरानं जातोय, हे गावाला कुणी सांगत नव्हतं. कर्नाटकातली गोष्ट सांगतो, कारण तिथला हिशोब पुढं नोंदला गेला. तिथं पश्चिम घाटातल्या एका कागद गिरणीला बांबू एक-दीड रुपया टन या दरानं दिला गेला होता. आणि बाजारात त्याच बांबूचा टनाचा भाव हजारांत होता. टोपल्या विणणाऱ्यांना बांबू मिळेना, त्यांनी ओरड केली, तेव्हा १९७५ च्या सुमारास सरकारनं आपल्या पुण्याच्या माधव गाडगीळ सरांना अभ्यास करायला सांगितलं. बांबू संपतोय तो गावकऱ्यांच्या तोडीमुळं, असं गिरणीवाल्यांचं म्हणणं.

गाडगीळ सर जंगलात फिरले. वनखात्याची आणि गिरणीची पद्धत होती, बांबूच्या बेटाच्या बुडाशी जी काटेरी गुंताड असते ती साफ करायची, म्हणजे बेट मोकळं होऊन चांगलं वाढेल. गावकरी म्हणाले, साहेब, ती काटेरी गुंताड आहे म्हणूनच नवा कोंब वाचतो. साफ केली की गुरं, साळिंदर, माकडं येऊन कोंब खाऊन टाकतात. सरांनी मोजमाप करून बघितलं. गावकऱ्यांचं बरोबर निघालं.

इथं मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. देहरादूनच्या साहेबाला बांबू कसा शिजवायचा हे कळलं, त्याचं पुस्तक झालं, नाव झालं. बांबू कसा वाचवायचा हे ज्यांना आधीपासून कळत होतं त्यांचं नाव कुठल्याही कार्यालयात नोंदलं नाही. ते ज्ञान पेटंट करण्यासारखं नव्हतंच, पिढ्यान् पिढ्यांचं होतं. पण निदान विचारायला तरी हवं होतं की नाही?

या बाबतीत आताचा कायदा बरा आहे, तेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेत १९९५ साली हळदीनं जखम भरते यावर पेटंट दिलं गेलं होतं. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं ते लढवलं आणि १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. आपल्या पेटंट कायद्यात आता स्पष्ट कलम आहे, पारंपरिक ज्ञानावर पेटंट देता येत नाही. म्हणजे बुरडाची सुपाची वीण, ताटव्याची बांधणी, हे उद्या कुणी शहरात नेऊन स्वतःच्या नावावर करायला गेला तर त्याला अडवता येतं. अट एकच, ते आधीपासून चालत आलंय हे दाखवता आलं पाहिजे. आपल्याकडं लिहून ठेवायची सवय नाही, आणि घोडं तिथंच अडतं.

आता कुंपण कसं निघालं ते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं. म्हणजे ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला त्या गावाचा बांबूवर हक्क. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि त्या गावच्या बायाबापड्यांची कित्येक वर्षांची मेहनत त्यामागं होती. तरी कागदावर हक्क मिळून बांबू विकता येईना. कारण वाहतूक परवान्याचं पुस्तक खात्याकडं. गावानं हट्ट सोडला नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते, आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. २०१७ मध्ये तर १९२७ च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्दच काढला गेला, त्यामुळं जंगलाबाहेर शेतात लावलेल्या बांबूचीही सुटका झाली. एका शब्दाला नव्वद वर्षं लागली. नाईटबाईंच्या पेटंटला सतरा पुरली होती.

आणि आता बघा गंमत. खरं कुंपण निघालं, बांबू गावाचा झाला, आणि त्याच वेळेला कुणीतरी रंगीत पत्रकावर लाल शिक्का मारून नवं कुंपण दाखवतोय.

तर त्या पत्रकाचं काय झालं?

त्या पोराला म्हटलं, विक्रेत्याला फोन लाव आणि फक्त एक विचार, पेटंटचा नंबर काय? दोन दिवस टोलवाटोलवी झाली. "आमच्या इंजिनिअरला विचारून सांगतो." मग एक नंबर आला. भारतीय पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर नंबर टाकून कुणालाही फुकट शोधता येतं. मीही इथंच बसून, रेंज येईल तशी, शोधलं. तो नंबर पेटंटचा नव्हताच, अर्जाचा होता. अर्ज केल्यावर ठरावीक मुदतीत तपासणीची मागणी वेगळी करावी लागते. ती केलीच नव्हती, म्हणून अर्ज मागे घेतल्याचं धरून निकाली निघाला होता. म्हणजे कुंपण कधी घातलंच नव्हतं, नुसत्या खुंट्या ठोकून माणूस निघून गेला होता आणि पाटी तेवढी मिरवत होता.

वाचताना जे कळलं ते ग्रामसभांच्या आणि बचत गटांच्या कामाचं आहे, म्हणून एकत्र लिहितो.

एक, कुणी 'पेटंटेड' म्हटलं की नंबर मागा. 'पेटंट पेंडिंग' म्हणजे पेटंट नव्हे, फक्त अर्ज केलाय.

दोन, पेटंट देशापुरतं असतं. चीन, तैवान, व्हिएतनाममध्ये असलेलं पेटंट भारतात नोंदलेलं नसेल तर इथं त्याला अर्थ नाही.

तीन, मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं. आणि मधल्या काळात दरवर्षीची फी भरली नाही तर त्याआधीच संपतं. म्हणून नंबर मिळाला तरी ते आज जिवंत आहे का ते बघा.

चार, मशीनच्या बाहेरच्या आकाराची नोंदणी वेगळी असते, तिला डिझाइन म्हणतात. ती दिसण्यापुरती, काम करण्याच्या पद्धतीवर तिचा हक्क नाही.

पाच, पेटंट नसताना आहे असं सांगून माल विकणं हे कायद्यानं चूक आहे, त्याला दंड आहे. हे विक्रेत्याला शांतपणे सांगा, आवाज आपोआप उतरतो.

सहा, पेटंट खरंच असेल आणि जिवंत असेल, तर त्याचा मान ठेवा. ज्यानं डोकं लावलं त्याचा तो हक्क आहे.

सहाव्या मुद्द्यावर दोन शब्द जास्त. आपल्याकडं अहेरी, आलापल्ली, आष्टी, चामोर्शीच्या वेल्डिंगच्या दुकानांत फिरा. धान मळणीच्या मशीनला कुणी काय जोडलंय, मोहफूल वाळवायला कुणी काय बनवलंय, बांबू फोडायला जुन्या मोटारसायकलचा गिअर कसा वापरलाय. हे शोधच आहेत. व्यक्तीला पेटंटचा ऑनलाइन अर्ज करायची सरकारी फी १,६०० रुपये, तपासणीची ४,००० रुपये. वकिलाचा खर्च वेगळा. पेटंटचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आपल्या नागपुरातच आहे. एक गोष्ट मात्र पाळा. अर्ज करायच्या आधी व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका. एकदा जगजाहीर झालं की ते नवीन राहत नाही, आणि नवीन नसेल तर पेटंट मिळत नाही. वही ठेवा, तारीख टाका, आकृती काढा, दोन माणसांच्या सह्या घ्या. नाईटबाईंना त्यांच्या वह्यांनीच वाचवलं.

आणि ज्यांना पेटंट नको, सगळ्यांनी वापरावं असं वाटतं, त्यांनी खुशाल उघडं करा. पण मग लिहून, छापून, तारखेनिशी उघडं करा. म्हणजे उद्या दुसरा कुणी त्याच्यावर शिक्का मारून तुम्हालाच विकायला येणार नाही.

पुन्हा त्या ग्रामसभेकडं. मशीनचा विषय बैठकीत निघाला. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. स्वस्तातली मशीन घ्यायची यावर बहुतेक सगळे तयार झाले. तेवढ्यात एक म्हातारी बाई उठली. तिनं पेटंटचं काही विचारलं नाही. ती म्हणाली, "मशीन घ्या, पण मशीन रोज किती बांबू खाते ते आधी सांगा. कोवळा तोडान त पुढच्या साली काय तोडान?"

पोरांनी पत्रक उलटंपालटं करून बघितलं. ती माहिती त्यात नव्हती. विक्रेत्याला पुन्हा फोन लागला आहे, आणि जंगलात बेटं मोजायला चार जणांची समिती ठरली आहे. मोजणी दिवाळीआधी संपेल. तोवर मशीनचा निर्णय थांबवला आहे.

मोजणीला मीही जाणार आहे. जे निघेल ते इथंच लिहीन. तुमच्या गावात कुणी असा 'पेटंटेड' शिक्का दाखवत फिरत असेल तर खाली कळवा. आणि पोस्ट आपल्या ग्रामसभेच्या ग्रुपवर नक्की टाका.